मला गाण्यातलं कळतं, असा माझा जुना समज आहे. सांगलीत बँकेची नोकरी सांभाळून मी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटीची साथ करत असे. वादक म्हणून माझं नाव कधी कुणी काढलं नाही, पण पेटीच माझ्या मालकीची असल्यामुळे मला काढणंही मंडळाला परवडत नव्हतं. त्या पुण्याईवर मी रेडिओला गाणं लागलं की राग सांगतो. पुष्कळदा चुकतो. चुकलो हे ओळखणारं घरात कुणी नसल्यानं आत्मविश्वासाला कधी धक्का लागला नाही, आणि निवृत्तीनंतर मुलाकडे होनोलुलूला राहायला गेलो तेव्हा तो मी सामानात व्यवस्थित बांधून नेला.

मुलाचं घर पर्ल सिटीत, चढावर. शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहतात. हवाईत वयानं मोठ्या बाईला सगळं जग 'आंटी' म्हणतं, म्हणून आम्हीही त्यांना आंटीच म्हणायचो. संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून कसल्याशा तारांच्या वाद्याचा कोरडा, ठसठशीत आवाज यायचा. एकदा मी नीट कान दिला. सा, ग, म, प, शुद्ध नी आणि वरचा सा. रिषभ नाही, धैवत नाही. मी उठलो, सदरा बदलला आणि आंटींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही तिलंग वाजवताय," मी म्हणालो.

"मी सान्शिन वाजवतेय," आंटी म्हणाल्या. "तुम्ही मीटर बघायला आलात का?"

मी ओळख करून दिली. मग खमाज थाट, औडव जाती, तिलंगमधल्या ठुमऱ्या यांवर त्यांच्या दारात उभ्या उभ्या बराच वेळ बोललो. आंटी हातात वाद्य धरून ऐकत होत्या. शेवटी मी विचारलं, "हे सूर तुमच्याकडे कुठून आले, याचा कधी विचार केलाय?"

"आईकडून," त्या म्हणाल्या आणि मला आत बोलावलं. त्या दिवसापासून त्या मला 'प्रोफेसर' म्हणू लागल्या. हा मान आहे, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

तोवर मी आंटींना जपानी समजत होतो आणि तसं मोकळेपणानं बोलूनही दाखवत होतो. पहिल्याच चहाला त्यांनी मला अडवलं. ओकिनावा आज जपानचा एक प्रांत असला तरी 1879 पर्यंत ते र्‍यूक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. शुरीच्या किल्ल्यात त्यांचा राजा होता, चीनशी त्यांचा व्यापार होता. सान्शिनचं मूळही चीनमधलं. ओकिनावातून ते जपानात गेलं आणि तिथं त्याचं शामिसेन झालं. मग जपाननं ते राज्य खालसा केलं. खालसा हा शब्द अर्थात माझा. सांगली संस्थानातल्या माणसाला दुसरा कुठला सुचणार?

ही माणसं हवाईत आली ती त्यानंतर. जानेवारी 1900 मध्ये तोयामा क्यूझो नावाच्या गृहस्थांच्या खटपटीतून 26 ओकिनावी मजूर 'सिटी ऑफ चायना' या बोटीनं होनोलुलूला उतरले आणि एवाच्या उसाच्या मळ्यावर कामाला लागले. उसाचं नाव निघताच मी सांगलीच्या साखर कारखान्याचा विषय काढला. आंटींनी बिस्किटांची बशी पुढं सरकवून तो बंद केला. मळ्यांवर आधीपासून असलेले जपानी मजूर या मंडळींना आपल्यात धरत नसत. यांची भाषा त्यांना कळायची नाही, म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर गोंदलेलं असायचं, आणि त्यातून ही माणसं डुकरं पाळायची. पोरांना त्यावरून चिडवत. आंटींनाही चिडवलेलं होतं.

पण डुकरांची खरी गोष्ट पुढं आहे. 1945 च्या लढाईत ओकिनावा उद्ध्वस्त झालं. लाखावर माणसं गेली, आणि घरोघरची डुकरं जवळजवळ संपलीच. ही बातमी आली तशी हवाईतल्या ओकिनावी लोकांनी वर्गणी काढली. अमेरिकेच्या मध्यावर, नेब्रास्कातल्या ओमाहाला 550 डुकरं खरेदी केली आणि 1948 साली पोर्टलंड बंदरातून लष्कराच्या बोटीनं ओकिनावाला रवाना केली. डुकरांची काळजी घ्यायला हवाईचे सात जण बरोबर गेले. वाटेत वादळ झालं, डेकवरचे कोंडवाडे मोडले, बोट परत फिरवून दुरुस्त करावी लागली. पुन्हा निघाले आणि सप्टेंबरअखेर पोचले. त्या डुकरांची पिल्लं गावोगाव वाटली गेली. आंटींच्या वडिलांनीही वर्गणी दिली होती. किती, ते त्यांनी बायकोला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून आंटींना भरून आलं, आणि त्या आतून डुकराच्या पायांचं सूप वाडगंभर घेऊन आल्या. मी घरचा शाकाहारी. ओकिनावात म्हणतात की डुकराचा आवाज सोडून बाकी सगळं खाल्लं जातं. मी हात जोडून म्हणालो, मला तेवढा आवाज चालेल.

"मग सान्शिन शिका," आंटी म्हणाल्या.

हवाई ओकिनावा सेंटर वाइपियोला आहे, आमच्या घरापासून गाडीनं जवळच. 1990 साली समाजाच्या देणग्यांवर ते उभं राहिलं. हवाई युनायटेड ओकिनावा असोसिएशन ही 1951 ची शिखर संस्था, आणि तिच्याखाली गावागावांची पन्नासच्या आसपास मंडळं. इतोमानकरांचं वेगळं, किनकरांचं वेगळं. मुंबईतल्या कोकणवासीयांना हे समजावून सांगायची गरज नाही. मला नवल एवढंच वाटलं की मंडळांत भांडणं दिसेनात. असतील, पाहुण्यासमोर काढत नसतील.

आंटींनी त्यांचं जादा सान्शिन मला वापरायला दिलं. तीन तारा, लांब मान, पडदे नाहीत आणि छोट्याशा डब्यावर अजगराचं कातडं ताणलेलं. घरी नेल्यावर आमच्या हिनं ते लांबूनच पाहिलं. ती रोज पूजा करणारी, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. म्हणाली, "गणपतीच्या पोटाला नाग असतो, तिथवर ठीक. तुमच्या मांडीवर अजगर कशाला?" अस्सल कातड्याचं सान्शिन देशाबाहेर न्यायचं तर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना लागतो, म्हणून हल्ली कृत्रिम कातड्याचीही निघतात, असं मी तिला सांगितलं. त्यावर, म्हणजे हे सांगलीला यायचं नाही, एवढाच अर्थ घेऊन ती निश्चिंत झाली.

सेंटरातल्या सान्शिनच्या वर्गात मी सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत जाणकार. दुसरी गोष्ट फक्त मला माहीत होती. सान्शिनच्या स्वरलिपीला कुन्कुन्शी म्हणतात. तिला चौकटींचे कागद लागतात. चिनी अक्षरं वरून खाली लिहिलेली, ओळी उजवीकडून डावीकडे. एकेक अक्षर म्हणजे स्वर नव्हे. कुठल्या तारेवर कुठं बोट ठेवायचं, त्याची खूण. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, रकाने मला नवे नाहीत. पण सवयीनं मी डावीकडून सुरुवात केली आणि गाणं शेवटाकडून वाजवायला घेतलं. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, काही बोलले नाहीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं माझा कागद हळूच सरकवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

तारा छेडायला तर्जनीत एक नखी घालतात. शिंगाची, जाडजूड, जवळजवळ करंगळीएवढी लांब. सतारीची मिजराब मी लांबून पाहिलेली होती, त्या अनुभवावर मी ती उलटी घातली. ती उडून पुढच्या रांगेत गेली. अजगराच्या कातड्यावर नखी आपटली की टक् असा आवाज येतो. वर्गातल्या सगळ्यांचा एकच टक् यायचा, माझा मागून स्वतंत्र.

खरं संकट आलं ते तिलंगमुळं. ओकिनावी गाण्याचे नेहमीचे सूर म्हणजे सा ग म प नी. चढताना माझं बोट बरोबर पडायचं, त्यामुळे सुरुवातीला सेन्सेईंनी मानसुद्धा डोलावली. पण तिलंग उतरताना कोमल निषाद घेतो. यांच्याकडे उतरतानाही शुद्धच. चाळीसेक वर्षं पेटीवर जो उतार बोटांत बसलाय, तो काही केल्या सुटेना. अख्खा वर्ग शुद्ध निषादावरून खाली यायचा आणि मी एकटा कोमलवरून. ऐकणाऱ्याला वाटावं, जिना एकच आहे पण एक माणूस बाल्कनीतून उतरतोय.

"खाली येताना तुम्ही कुठं जाता?" सेन्सेईंनी एकदा खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

मी तिलंगचा अवरोह सांगितला. मग तिलंगचा स्वभाव सांगितला. मग सांगलीत एकदा ऐकलेल्या मैफलीची आठवण सांगितली. सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार छान आहे. पण गाणं आमचं आहे."

एवढ्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी वाद्याला दोष दिला. मान थोडी वाकली असावी, असं म्हणालो. सेन्सेईंनी कपाटातून एक सान्शिन काढून दाखवलं. त्याचा डबा म्हणजे पत्र्याचा रिकामा टिन. 1945 मध्ये लढाई संपल्यावर छावण्यांत ठेवलेल्या ओकिनावी लोकांनी अमेरिकी सैन्याचे खाऊन टाकलेले डबे, खाटेची लाकडं आणि पॅराशूटच्या दोऱ्या यांची अशी सान्शिनं केली होती. कान्कारा सान्शिन म्हणतात त्याला. हा त्याच तऱ्हेचा नमुना. सेन्सेईंनी त्यावर दोन ओळी वाजवल्या. निषाद अगदी जागच्या जागी. मान वाकल्याचा मुद्दा मी मागं घेतला.

याच सेंटरात माझं भाषण झालं. वर्गातल्या नव्या विद्यार्थ्यांनी पालक आणि मंडळी यांच्यापुढं उभं राहून दोन शब्द बोलायचे होते. मी ठरवलं, इंग्रजीत बोलायचं नाही. यांच्याच भाषेत, उचिनागुचीत, निदान नमस्कार तरी करायचा. शेजारीच गुरू होती. आंटी रोज सकाळी कुंपणावरून मला ज्या शब्दानं हाक मारायच्या तो मी घोटून घोटून तयार केला, आणि भरल्या सभागृहात छाती काढून म्हणालो, "हाइताइ!"

आधी शांतता. मग आजीबायकांची पहिली रांग हसली, मग दुसरी, मग सेन्सेई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हा नमस्कार बायकांचा. पुरुषांनी 'हाइसाइ' म्हणायचं असतं. मिश्या असलेल्या सांगलीकरानं भर सभेत 'मी आले हं' म्हणावं, तसं ते झालं होतं. हे मला कुणी सांगेपर्यंत मी प्रतिसाद चांगला आहे असं समजून आणखी दोनदा म्हटलं. आभार मात्र बरोबर मानले: 'निफे देबिरू'. त्यात बायका-पुरुष असा भेद नाही, म्हणून वाचलो.

आंटींना मी घरी येऊन जाब विचारला. "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारायला थांबता कुठं, प्रोफेसर?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि मला तरी कितीसं येतं?"

हे मला अपेक्षित नव्हतं. आंटींचे आई-वडील एकमेकांशी उचिनागुचीत बोलायचे, पण मुलांशी नाही. मुलांना कळू नये असं काही असलं की मात्र हमखास. ओकिनावात शाळेत ही भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात जायची. तिला होगेन फुदा म्हणत. अशा शाळांतून बाहेर पडलेली माणसं हवाईत आल्यावर पोरांना ती भाषा कशाला देतील? 2009 मध्ये युनेस्कोनं या बेटांवरच्या सहा भाषा धोक्यातल्या भाषांच्या यादीत घातल्या, उचिनागुची त्यांतली एक. आता होनोलुलूत पंचविशीतली पोरं कागद समोर ठेवून ती शिकतात. हवाई विद्यापीठात 2008 पासून ओकिनावाच्या अभ्यासाचं केंद्रही आहे. आंटी स्वतः पंचाहत्तरीनंतर वर्गात जाऊन बसल्या, आणि आई लपवून काय बोलायची ते त्यांना तेव्हा कळू लागलं. बहुतेक ते पैशांबद्दल असायचं.

माझ्या नातीला 'आबा, जेवायला चला' एवढं एकच मराठी वाक्य येतं. ते वेळेवर येतं, म्हणून मी आजवर समाधानी होतो. ही नात एइसाच्या पथकात जाते. एइसा म्हणजे मूळ पितरांच्या सणाचा ढोलनाच. मोठ्या ढोलवाल्यांच्या मागं ती हातातला छोटा पारान्कू वाजवत उड्या मारते. रांगा सरळ ठेवायला तोंडाला पांढरा रंग फासलेला एक विदूषक असतो, त्याला चोन्दारा म्हणतात. नातीनं मला विचारलं, "आबा, तू चोन्दारा होणार?" मी अपमान गिळला. आता वाटतं, ते काम मला जमलं असतं.

त्या वर्षी गणपती आणि ओकिनावा महोत्सव एकाच आठवड्यात आले. महोत्सव 1982 पासून चालू आहे आणि लेबर डेच्या शनिवार-रविवारी भरतो. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आधीचे दोन दिवस. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती. उकडीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी आणायचं काम माझ्याकडे होतं. दुकानात तांदळाच्या पिठाची खोकी रांगेनं होती. मी मोचिको घेतलं, कारण खोकं सुंदर होतं. मोचिको हे चिकट तांदळाचं पीठ निघालं. हिनं घातलेल्या कळ्या वाफेत जाईपर्यंत शाबूत होत्या. झाकण काढलं तेव्हा सगळे मोदक एकमेकांत विलीन झाले होते. अद्वैत म्हणतात ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आरतीची वेळ झालेली, नैवेद्याला गोड काही नाही, आणि ही माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात आंटी परातभर आंदागी घेऊन आल्या. महोत्सवाआधी हात साफ करायला त्यांनी घाणा काढला होता. लालसर, गरगरीत, वर फुलासारखी भेग पडलेले गोळे. आपल्या गुलगुल्यांची सख्खी भावंडं. हिचा चेहरा उजळला. पण आंटी ज्याला 'आंदागी' म्हणतात, त्याला आमची अमेरिकन नात 'अंडागी' म्हणते. तिनं नेमकं तेच ओरडून सांगितलं.

"अंडा?" ही म्हणाली.

इथं माझ्यातला प्रोफेसर जागा झाला. मी हिला बसवलं आणि समजावलं. आंदा म्हणजे यांच्या भाषेत तेल. आगी म्हणजे तळलेलं. पुढं साता लावतात, ती साखर. साखर, तेल, तळण. नावावर जाऊ नये, व्युत्पत्ती बघावी. अंड्याचा यात सुतराम संबंध नाही.

"नक्की?"

"मी भाषा शिकतोय," मी म्हणालो.

आंटींना विचारावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्या समोरच उभ्या होत्या, आरतीला टाळ्या वाजवत. पाच आंदागींचा नैवेद्य दाखवला, प्रसाद म्हणून सगळ्यांनी खाल्ल्या. हिनं दोन खाल्ल्या आणि मला क्षमा केली.

शनिवारी मी महोत्सवात स्वयंसेवक म्हणून हजर झालो. पूर्वी तो कापिओलानी पार्कात मोकळ्यावर व्हायचा. 2018 पासून हवाई कन्व्हेन्शन सेंटरात, वातानुकूलित. माझी अपेक्षा होती की मला स्टेजजवळ कुठंतरी बसवतील, निदान तिलंगबद्दल कुणी विचारेल. मला आंदागीच्या विभागात पाठवलं. आणि तिथं मला या समाजाचं काहीतरी कळलं, जे आंटींच्या चहात कळलं नव्हतं. वकील, दंतवैद्य, शाळामास्तर, निवृत्त फौजदार, सगळे टोपी आणि एप्रन घालून कढयांभोवती. 2014 ते 2022 या काळात हवाईचे राज्यपाल असलेले डेव्हिड इगे याच समाजातले, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचे पहिले ओकिनावी वंशाचे राज्यपाल. पण कढईपाशी हुद्दा चालत नाही. हात कसा चालतो ते बघतात. संस्कृतीवर भाषण करणारा तिथं मी एकटाच होतो आणि मला ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

आंदागी हातानं सोडतात. पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा दाबून बाहेर काढायचा आणि तेलाच्या अगदी जवळ नेऊन अलगद सोडायचा. सराईत हाताचा गोळा तेलात बुडतो, वर येतो, आपला आपण उलटतो आणि वरून उकलतो. ती भेग पडली की आंदागी हसली. माझ्या मुठीतून गोळा निघालाच नाही, शेपूट निघाली. दुसऱ्याला दोन शेपट्या. तिसरा मुठीतून सुटला तो तेलाच्या बराच वरून, आणि कढईच्या पलीकडचे निवृत्त फौजदार तरुणपणीच्या चपळाईनं मागं सरले. कढईप्रमुख अंकल होते, माझ्याहून लहान असावेत. ते माझी जाळीतली निर्मिती बराच वेळ बघत राहिले. तिथं विक्रीच्या कामाची नसलेली आंदागी स्वयंसेवकांनी खायची असते. माझ्या घाण्यावर तिघांचं जेवण झालं.

"अंकल," ते मला म्हणाले, "तुम्ही पीठ भिजवायच्या टेबलावर जाल का?"

गेलो. तिथल्या बाईंनी माझ्यापुढं एक भलं मोठं पातेलं ठेवलं आणि शेजारी ट्रे रचले. एकावर एक.

"हे काय?" मी विचारलं.

"अंडी," त्या म्हणाल्या. "फोडता येतात ना?"

मी शाकाहारी घरात वाढलो. आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं. त्या दुपारी मी ती शेकड्यांनी फोडली, कवचांसह आणि कवचांविना, आणि प्रत्येक अंड्याबरोबर मला घरचा गणपती दिसत होता.

संध्याकाळी हिला सांगावंच लागलं. मी आधी साखरेबद्दल बोललो, मग मैद्याबद्दल, मग दुधाबद्दल. तिसऱ्या वळणावर तिनं ओळखलं.

"मला नावावरूनच शंका आली होती," ती म्हणाली. "तुम्ही व्याकरण सांगितलंत."

देव्हाऱ्याकडे बघत ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "त्यांनी निमूटपणे घेतलं. परदेशात आल्यावर माणसाला जुळवून घ्यावं लागतं, त्यांना कळतं ते." दूर्वा बदलल्या, अत्तर लावलं, आणि मला दोन दिवस चहा साखरेशिवाय मिळाला.

पण ती गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दही आणि सोडा घेऊन ती थेट आंटींच्या स्वयंपाकघरात गेली. दोघींची भाषा वेगळी, वय वेगळं, आणि मध्ये मी नाही, त्यामुळे काम भराभर झालं. बिनअंड्याची आंदागी आंटींनी मोडून पाहिली, वास घेतला, चावली आणि म्हणाल्या, "ही आंदागी नाही." आणखी एक उचलली. "पण उद्या पुन्हा कर."

रविवारी हीसुद्धा महोत्सवाला आली. ओकिनावी समारंभाची सुरुवात 'काग्यादेफू' नावाच्या संथ, मंगल रचनेनं करायची रीत आहे. यांच्या पारंपरिक पद्याला र्‍यूका म्हणतात. आठ, आठ, आठ, सहा, अशी तीस अक्षरं. तेवढ्या तीस अक्षरांना पाचेक मिनिटं सहज लागतात. बडा ख्याल ऐकणाऱ्याला हे घरचं वाटतं, आणि खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत मला राग ओळखायचा राहूनच गेला. शेवट मात्र काचाशीनं. सान्शिन एकदम पळत सुटतं, ढोल मिसळतात, आणि जो तो उठून डोक्यावर हात नेऊन मनगटं फिरवत नाचू लागतो. इथं पाहुणा, घरचा, आडनाव, गाव काही बघत नाहीत. वंशानं नसलेल्यांना ही मंडळी 'मनानं ओकिनावी' म्हणतात, आणि त्याची सनद लागत नाही.

काचाशी मला येत होती. आंटींनी अंगणात शिकवली होती. मी हात वर केले, बोटं छान मोकळी पसरली आणि लयीत मनगटं हलवत गर्दीच्या मध्यभागी गेलो. चार-सहा आजीबायका माझ्याभोवती जमल्या, टाळ्या वाजवू लागल्या. कुणीतरी शीळ घातली. मी आणखी रंगात आलो. आणि मग पाहिलं, की माझ्या डाव्या-उजव्या बाजूचे सगळे पुरुष मुठी वळून नाचताहेत. मोकळी बोटं बायकांची. स्टेजजवळ माझ्या वर्गातली ती छोटी मुलगी मला मूठ करून दाखवत होती, आणि तिच्याशेजारी आंटी दोन्ही हात वर करून, मनापासून हसत, मला तसंच चालू ठेवायला सांगत होत्या. मी चालू ठेवलं. आमच्या हिनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नाच केला, आणि तिनं मात्र मुठी वळल्या होत्या. माझं बघून शिकायचं नाही, एवढं ती आता शिकली होती.

लेबर डेच्या आधीच्या शनिवार-रविवारी तुम्ही कधी होनोलुलूला असलात तर या महोत्सवाला जरूर जा. आंदागीची रांग लांब असते, म्हणून सकाळीच पोचा. स्वयंसेवक व्हायचं असेल तर आधी नाव द्या. अंडी फोडायला माणसं कमीच पडतात. गरमागरम खा, घरीही बांधून न्या. फक्त नैवेद्याला ठेवू नका.